घरचं बजेट करायचं आपण का टाळतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा-तेरा वर्षं मी मिरज तालुक्यातल्या बचत गटांच्या वह्या तपासतेय. महिन्याची मीटिंग संपली, सतरंजी गुंडाळली की दोन-तीन बायका हमखास मागं राहतात आणि मग गटाचा विषय सोडून घरचा हिशोब निघतो. आता व्हॉट्सअपवर पण प्रश्न येतात, पुरुषांचे पण येतात, सांगलीतनं, इस्लामपूरकडनं, तासगावातनं. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून एकदा सगळी उत्तरं इथं लिहून ठेवलीत. आपला प्रश्न बघा आणि तेवढंच वाचलं तरी चालेल.

१. आमच्या घरी हिशोबाची वही आहे की, मग वेगळं बजेट कशाला पाहिजे?

वही असेल तर तुम्ही बऱ्याच घरांच्या पुढं आहात. पण वहीत झालेला खर्च असतो आणि बजेट म्हणजे व्हायच्या आधी ठरवलेला खर्च. माझ्या सासऱ्यांची रोजची वही होती, लाल कापडी बांधणीची, त्यात विडीकाडीपासून बैलाच्या पेंडीपर्यंत सगळं, एक दिवस चुकला नाही, पण जूनमध्ये पोरांची फी आली की दरवर्षी उसनवारी ठरलेली. फी दर जूनला येते हे वहीत दहा वर्षं लिहिलेलं होतं आणि तरी तिच्यासाठी मार्चमध्ये कोणी पैसे बाजूला ठेवले नाहीत. तर जुनी वही हाताशी घ्या, पुढचा महिना तिच्यावरनंच लिहायचा.

२. लोक बजेट का टाळतात? सरळ सरळ आळसच ना?

नाही ओ. आळशी म्हणाल अशा बायका मला गटात भेटल्याच नाहीत. पहाटे पाचला धार काढणारी बाई अर्ध्या तासाच्या कामाला कंटाळेल का? माझ्या मते खरं कारण भीती आहे. आकडा कागदावर आला की तो खरा होतो, आणि त्याच्याबरोबर बाकीचं पण बाहेर येतं, घरात कुणावर किती जातं, कुणाच्या औषधाला कमी पडतं, कुणाच्या मित्रांवर जास्त जातं.

ऑगस्टमध्ये आपल्याकडं काय चालतं आठवा. दर तासाला फोन, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे सांगलीतल्या शेंबड्या पोराला पण पाठ आहे. पाणी वाढतंय हे ऐकून पोटात गोळा येतो, तरी आपण आकडा विचारतोच कारण त्यावर सामान वर चढवायचं का घर सोडायचं ते ठरतं. पैशाच्या बाबतीत तेच आपण उलटं करतो, महिन्याच्या वीस तारखेनंतर पासबुक भरून आणायचंच टाळतो.

हे सगळीकडं असतं बरं का. शेअर बाजारात पैसे घालणाऱ्या स्वीडन-नॉर्वेकडच्या लोकांवर एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की बाजार चढताना लोक आपलं खातं जास्त वेळा उघडून बघतात आणि पडताना कमी. शहामृगाची वृत्ती असंच नाव आहे त्याला. म्हणजे बघणं टाळताय म्हणून स्वतःला नावं ठेवत बसू नका, शिकलेले-सवरलेले, पैसेवाले पण टाळतात. फक्त आपल्याकडं पैसे कमी असतात त्यामुळं न बघण्याची किंमत जास्त पडते.

३. मला गणित येत नाही, मी दहावी नापास आहे. मला जमेल का?

जमेल. बेरीज-वजाबाकी सोडून त्यात काही नाही, आणि ती मोबाईलवर होते. मंडईत चाळीस रुपयांच्या भाजीवर घासाघीस करून पाच रुपये सोडवून घेता, तेवढं डोकं भरपूर झालं.

४. तीन वेळा सुरू केलं, दरवेळी दहा-पंधरा दिवसांत बंद पडतं. काय चुकतंय?

एका ताईंनी मला त्यांची वही दाखवली होती. एक तारखेपासून सुरुवात, अक्षर सुबक, "कोथिंबीर १०, रिक्षा २०, दूध ६०, देवळात ११". दहा तारखेला "दवाखाना १८५०" आणि त्याच्यापुढं कोरी पानं. मी विचारलं अकरा तारखेला काय झालं, तर म्हणाल्या काही नाही, दवाखान्यानं सगळं बिघडलं मग लिहून काय उपयोग.

बहुतेकांचं इथंच बंद पडतं. पहिलं म्हणजे आपण आदर्श महिना लिहितो, ज्यात कोणी आजारी पडत नाही, पाहुणे येत नाहीत, गाडी पंक्चर होत नाही. असा महिना अजून तरी मी कुणाच्या घरी बघितला नाही. कुठल्याही कामाला किती वेळ लागेल, किती पैसा लागेल याचा अंदाज माणूस नेहमी कमीच बांधतो, कानमन आणि ट्व्हर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे मांडून ठेवलंय, घर बांधलेल्या कुणालाही विचारा पटेल. तर पहिल्या महिन्याचं बजेट चुकणारच असं धरून चाला, दुसऱ्याचं कमी चुकेल, चौथ्या-पाचव्या महिन्यात अंगवळणी पडेल.

दुसरं म्हणजे कोथिंबीर लिहू नका. खरंच नका लिहू. भाजीपाल्याचे आठवड्याचे म्हणून आठशे रुपये वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकीट संपलं की भाजी संपली, आत काय घेतलं त्याचा हिशोब कुणाला द्यायचा नाही. लिहायचे ते पाच-सहा मोठे आकडे, किराणा, भाडं किंवा हप्ता, शाळा, लाईट बिल आणि गॅस, पेट्रोल, दवाखाना.

५. वहीत लिहू का ॲप घेऊ?

जे तुमच्या हाताला लागेल ते. मला स्वतःला वही आवडते कारण ती स्वयंपाकघरात राहते आणि घरातल्या सगळ्यांना दिसते, ॲप एकाच्याच मोबाईलमध्ये कुलूपबंद. जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या महिला पत्रकारांनी १९०४ मध्ये घरखर्चाची वही काढली, काकेइबो म्हणतात तिला, आणि इतक्या वर्षांनी आज पण तिथं लोक ती हातानं लिहितात.

६. सगळं फोनपेवर होतं, हिस्ट्री आपोआप राहते. मग लिहायची काय गरज?

हिस्ट्रीत दुकानदाराचं नाव येतं, काय घेतलं ते येत नाही, आणि घरातल्या तीन मोबाईलची हिस्ट्री एकत्र कोण करतं? पण त्याहून मोठी गोष्ट अशी की स्कॅन करून दिलेला पैसा हातातनं जाताना जाणवत नाही. पाचशेची नोट मोडताना आपण थांबतो, कोड स्कॅन करताना थांबत नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मॅचच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांना बोली लावायला सांगितली होती, तर ज्यांना क्रेडिट कार्डनं पैसे द्यायचे होते त्यांच्या बोली रोख देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आल्या. यूपीआय आपल्याकडं २०१६ मध्ये आलं आणि आता भडंगाच्या गाड्यावर पण कोड लावलेला असतो. मी यूपीआय बंद करा म्हणत नाही, सोय आहेच, पण भाजी आणि वरखर्च एवढे दोन तरी रोखीत ठेवून बघा, एक महिना.

७. आमचा पगार महिन्याला नसतो, शेती आहे. उसाचं बिल येतं तेव्हा येतं. बजेट कसं करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ पगारदारांसाठी असतात, "सॅलरी आली की..." म्हणून सुरू होतात, आणि शेतकरी माणूस तिथंच सोडून देतो की हे आपल्यासाठी नाही.

तुमचा महिना म्हणजे एका बिलापासून पुढच्या बिलापर्यंत. कायद्यानं ऊस गेल्यावर चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, मिळायला पाहिजे, पण हप्त्या-हप्त्यानं येते हे तुम्हाला पण माहीत आहे आणि मला पण, म्हणून खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्याशिवाय रक्कम धरायची नाही. समजा बिल आलं ३,१०,०००, गावच्या विकास सोसायटीच्या कर्जाचे १,३०,००० कापून गेले, हातात राहिले १,८०,०००. आता इथं बरेच जण बाराने भागतात, महिना पंधरा हजार. पण तुमचा ऊस आडसाली असेल तर पुढचा तुटायला सोळा ते अठरा महिने लागणार, अठरानं भागा, महिना दहा हजार. पाच हजारांचा फरक आहे आणि शेवटचे सहा महिने जी उधारी होते ती या फरकातनंच होते. त्यातनं लागणीचा आणि खताचा खर्च आधीच बाजूला काढायचा ते वेगळंच.

घरात जनावरं असतील तर तुमचं नशीब चांगलं, कारण दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. किराणा, भाजी, लाईट बिल दुधावर चालवायचं आणि ऊस, द्राक्ष, हळदीच्या पैशाला रोजच्या खर्चासाठी हात लावायचा नाही. ज्या घरांनी हे पाळलं त्यांची दुकानाची उधारी एका वर्षात मिटलेली मी बघितली आहे. द्राक्षवाल्यांचं अजून अवघड, औषधांची उधारी छाटणीपासून चालू आणि पैसा माल गेल्यावर, व्यापाऱ्यानं दिला तर. त्यांनी घराचं पाकीट आणि बागेचं पाकीट आधी वेगळं करा, दुसरं काही नाही केलं तरी चालेल.

८. बजेटला बसलं की नवरा-बायकोचं भांडणच होतं. त्यापेक्षा नको वाटतं.

समजू शकते. बऱ्याच घरांत बजेट न होण्याचं कारण हेच असतं आणि ते कोणी बोलत नाही. तिनं "पेट्रोल जास्त होतंय" म्हटलं की त्याला ऐकू येतं "तू उधळ्या आहेस", त्यानं "तुझ्या माहेरच्या आहेराला एवढे कशाला" म्हटलं की झालंच.

मी जोडप्यांना तीन गोष्टी सांगते. महिनाअखेरीला कधी बसू नका, तेव्हा दोघंही वैतागलेले असतात, पैसे आल्याच्या पहिल्या रविवारी बसा, चहा घेऊन. मागच्या महिन्यावर बोलायचं नाही, फक्त पुढच्या. आणि दोघांना एक-एक रक्कम अशी द्यायची की जिचा हिशोब मागायचा नाही, दोनशे असो का दोन हजार, पण दोघांना सारखी. ही तिसरी गोष्ट नवऱ्यांना पटायला वेळ लागतो, विशेषतः बायको कमवत नसेल तर. कमवत नाही म्हणजे काय, पगार मिळत नाही एवढंच, काम तर पहाटेपासून करतेच.

९. नवरा पगार किती ते सांगतच नाही. मग मी बजेट कसलं करू?

जेवढे हातात मिळतात तेवढ्याचं करा. ते तुमचं बजेट. मिळतात आठ हजार आणि लागतात अकरा, तर ते लिहून काढा आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवा, पगार विचारू नका, फक्त विचारा की हे तीन हजार कुठनं आणायचे. तोंडी मागितले की कुरकुर वाटते, कागदावर किराणा-शाळा-गॅस असं दिसलं की बऱ्याचदा माणूस गप्प बसून वाचतो. सगळीकडं चालतं असं नाही. जिथं दारू आहे किंवा मारहाण आहे तिथं कागद ठेवत बसू नका, आधी आपल्या माणसांशी बोला, गटातल्या बायकांशी बोला, १८१ ही महिला हेल्पलाईन आहे.

१०. मी डाळीच्या डब्यात थोडे पैसे लपवून ठेवते. ते बजेटमध्ये धरायचे का?

नका धरू, आणि त्यात चोरी केल्यासारखं पण वाटून घेऊ नका. आपल्या आज्या-आयांनी असंच घर तारलंय. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा गावोगावी डबे, उशा, देवघरातली फडकी उघडी पडली, बायकांना नवऱ्यासमोर कबूल करावं लागलं की माझ्याकडं एवढे आहेत. एक मावशी माझ्यासमोर रडल्या होत्या, पैसे गेले म्हणून नाही, बदलून मिळालेच ते, पण आता सगळ्यांना कळलं म्हणून. त्यानंतर त्यांच्याकडं कधी पैसे राहिले नाहीत, कोण ना कोण मागतंच.

फक्त डब्यात ठेवू नका, स्वतःच्या एकटीच्या नावावर खातं काढा. लाडकी बहीणचे दीड हजार ज्यांच्या खात्यावर येतात त्यांचं खातं तर आहेच, तिथंच ठेवा. प्रश्न ८ मधली बिनहिशोबी रक्कम घरात ठरली तर लपवायची वेळ कमी येते.

११. भिशी म्हणजे बचतच ना? मग बजेटमध्ये कुठं लिहू?

साधी भिशी असेल, म्हणजे बारा जण, दोन-दोन हजार, चिठ्ठी निघेल त्याला पुरे चोवीस, तर हो, बचतीत लिहा. लिलाव भिशी असेल, म्हणजे जो जास्त पैसे सोडेल त्याला आधी मिळते, आणि तुम्ही गरज म्हणून साडेवीस हजारांवर उचललीत तर जे साडेतीन हजार सोडले ते व्याजच आहे, ते कर्जाच्या रकान्यात. आणि भिशी ओळखीतली पाहिजे, चालवणारा पळून गेला तर दाद मागायला हातात कागद नसतो.

एक मात्र बघा, बजेट टाळणारी माणसं भिशी कधी चुकवत नाहीत. कारण पाच तारखेला दारात कोणीतरी येतं आणि चार लोकांत लाज आहे. तीच युक्ती वापरा, जावेला किंवा मैत्रिणीला सांगून ठेवा, दर पाच तारखेला मला विचार वही लिहिली का.

१२. एकत्र कुटुंब आहे, पैसा सासऱ्यांच्या हातात. आमचं वेगळं बजेट करता येईल?

करता येईल, पण तुमच्या चुलीपुरतं, म्हणजे मुलांचं शिक्षण, कपडे, दवाखाना. घरात आधी सांगा. गुपचूप केलं आणि वही सापडली की वेगळं निघायची तयारी चाललीय असा अर्थ निघतो, दोन घरं मी त्यावरनं रुसलेली बघितलीत.

१३. ५०-३०-२० चा नियम पाळू का?

निम्मे गरजेला, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला, असा तो अमेरिकेतनं आलेला नियम. ऐकायला छान आहे. पण पंधरा-अठरा हजारांच्या घरात गरजेवरच ऐंशी टक्के जातात, तिथं हा नियम लावला की माणसाला वाटतं आपण नापास. वीसच्या जागी दोन टक्के लिहा, चालतंय.

१४. उत्पन्नच एवढं कमी आहे, वाटून वाटून काय वाटणार? बजेट पैसेवाल्यांनी करावं.

हे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण बोलणारं माणूस खोटं बोलत नसतं. बजेटनं पैसे वाढत नाहीत. पगार कमी असेल तर तो कमीच राहणार, ते बजेटनं सुटेल असं सांगणारे तुम्हाला फसवतात.

पण एक गोष्ट सांगते. तमिळनाडूतल्या ४६४ छोट्या ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास झाला होता, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीच माणसं, ऊस जायच्या आधी हातात पैसा नसताना आणि पैसे आल्यानंतर, दोन्ही वेळा डोकं चालवायच्या चाचण्या घेतल्या. पैसे नसताना त्यांचे गुण स्पष्ट खाली आले. माणूस तोच, अक्कल तीच, पण अर्धं डोकं चिंतेनं व्यापलेलं. म्हणून तंगीत बजेट लिहायला घेतलं की सुचत नाही, चिडचिड होते, त्यात तुमचा दोष नाही. उपाय एवढाच की हातात पैसे आल्याच्या दोन-तीन दिवसांत लिहून ठेवायचं, आणि तंगीच्या दिवसांत नवीन काही ठरवायचं नाही, तेव्हाचं लिहिलेलं नुसतं पाळायचं. कमी पैशात तर कुठलं बिल आधी आणि कुठलं थांबू शकतं हे आधीच ठरलेलं जास्त लागतं.

१५. महिन्याचं जमतं, पण सण, जत्रा, लग्नाचे आहेर आले की सगळं कोसळतं.

हे खर्च अचानक येत नाहीत, दिवाळी दरवर्षी येते. विमा १२,०००, शाळा १८,०००, दिवाळी १५,०००, गावची जत्रा ५,०००, आहेर १०,००० असे धरले तर वर्षाचे ६०,००० होतात, म्हणजे महिना ५,०००. हे पाच हजार दर महिन्याला वेगळ्या खात्यात गेले पाहिजेत. पाच जमत नसतील तर तीन टाका आणि मग कोणता आहेर कमी करायचा ते बसून ठरवा. आहेराला माणसं नाही म्हणू शकत नाहीत, त्यांनी आपल्या लग्नात किती दिले होते ती वही असतेच प्रत्येक घरात, पण त्यातल्या आकड्यावर शंभर-दोनशे वाढवत नेण्याची सक्ती कुणी केलेली नाही. शेतीचं उत्पन्न असेल तर प्रश्न ७ बघून मग हे करा.

१६. पूर किंवा मोठं आजारपण आलं तर बजेटचा काय उपयोग?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा ज्यांच्या घरात शिरलं त्यांचं कुठलंच बजेट टिकलं नाही, टिकणारही नव्हतं. अशा वेळी वही बाजूला ठेवा, अपराधी वाटून घेऊ नका. पण मला आठवतंय, पाणी ओसरल्यावर आमच्या एका गटात सातजणींना सगळ्यात आधी लागलेली गोष्ट म्हणजे रोख पैसे, फावडं, फिनेल, पोरांना वह्या, एवढ्यासाठी. एटीएम बंद होती. दोघींकडं पॉलिथिनमध्ये बांधून घेतलेले चार-चार हजार होते आणि त्यावर बाकीच्या पाचजणींचं पण भागलं. तेवढी रक्कम तरी वेगळी असू द्या, कागदपत्रांच्या पिशवीतच ठेवा.

१७. कर्जाचे हप्ते थकलेत, बँकेचा मेसेज आला की मोबाईल पालथा ठेवते. सुरुवात कुठनं करू?

प्रश्न २ मध्ये जे लिहिलंय त्याचं हे सगळ्यात कठीण रूप. एकटीनं करू नका. विश्वासातलं एक माणूस शेजारी बसवा आणि त्यांना मेसेज वाचायला सांगा, तुम्ही फक्त लिहा, कुणाचे किती, व्याज किती, शेवटचा हप्ता कधी भरला. बेरीज त्या दिवशी नाही केली तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी व्याजानं क्रम लावा. क्रेडिट कार्डचं व्याज बऱ्याचदा महिन्याला तीन-साडेतीन टक्के असतं, साडेतीन म्हणजे वर्षाला बेचाळीस, आणि दर महिन्याला किमान रक्कम भरत राहिलं तर मुद्दल हलतच नाही. खासगी सावकाराचं त्याहून वाईट. हे दोन आधी, सोनेतारण आणि सोसायटी नंतर. मग बँकेत किंवा पतसंस्थेत स्वतः जा, ते यायच्या आधी, आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. देतीलच असं नाही, पण समोर जाणाऱ्याशी बोलतात.

गेल्या वर्षी एका ताईंबरोबर मी अशी बसले होते. अडीच तास लागले, दोनदा उठून बाहेर गेल्या. त्यांना वाटत होतं देणं पाच लाखांच्या पुढं असेल म्हणून. लिहिल्यावर निघालं ३,४०,०००. त्या कागदाकडं बघत बसल्या बराच वेळ, मग उठून चहा टाकला.